घण थांबवणारी

"आई, तू बघितलं नाहीस...! आई, तू बघितलंच नाहीस गं...!"

एकोणीस वर्षांच्या मुलाचा तो आवाज. बावीस वर्षं लोटली त्याला. पण सकाळी घण खांद्यावर घेतला की तो आवाज कुठून तरी यायचाच, आणि लोहारिणीचं सत्तरीचं शरीर एकदा आतून थरारून मग दगडासारखं स्थिर व्हायचं. मग ती पाय फाकवून उभी राहायची, श्वास पोटापर्यंत ओढून घ्यायची, आणि पाच किलोचा घण डोक्यावरून असा काही खाली आणायची, की बघणाऱ्याला वाटावं, आता जमीन दुभंगते!

जमीन दुभंगायची नाही. खाली ट्रकचा जुना टायर असायचा, आणि त्या टायरच्या बोटभर वर घण थांबायचा. हवेत. जणू कुणी अदृश्य हातानं तो धरला आहे...

मग पुन्हा वर. पुन्हा पूर्ण ताकदीनं खाली. पुन्हा बोटभर वर थांबलेला. असा साठ वेळा, रोज. शिवाय त्याआधी टेकडीच्या पायऱ्या दोनदा चढायच्या आणि पाण्याच्या भरलेल्या बादल्या दोन्ही हातांत घेऊन परसदाराला दहा फेऱ्या घालायच्या. गल्लीला वाटायचं, म्हातारीला व्यायामाचं वेड लागलंय. वेडच ते. पण मारण्याचं नव्हतं... थांबवण्याचं होतं.

लोहाराच्या कामात दोन माणसं लागतात. एकाच्या हाती छोटी हातोडी, दुसऱ्याच्या हाती घण. हातोडीवाला तापलेल्या लोखंडावर टकटक करून दाखवतो, घाव इथं हवा, आणि घणवाला तिथं घाव घालतो. हातोडी कोऱ्या ऐरणीवर दोनदा वाजली, की थांबायचं. घणवाल्यानं दुसरीकडं बघायचं नसतं, विचार करायचा नसतो. हातोडी बोलते, घण ऐकतो. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्यानं तिला पहिली गोष्ट शिकवली ती हीच. स्वयंपाक करायला ती आईकडून शिकून आली होती, घण उचलायला मात्र इथं शिकली. सव्वीस वर्षं दोघांनी मिळून लोखंड वाकवलं. कामाच्या नादात ती गुणगुणायची,

*लोखंडाला घाव, त्याचं होतं गं अवजार*
*काळजाला घाव, त्याचं काय करणार...*

तेव्हा त्या ओळींचा अर्थ तिला कुठं ठाऊक होता!

एक पोरगा झाला. बापापेक्षा सरस निघाला. फाटकांवर लावायला तो लोखंडाची पानं घडवायचा, इतकी नाजूक, की माणसं बोट लावून बघायची, खरंच हलतात की काय. आणि त्या दिवशी तो तापल्या सळईवर छिन्नी धरून उभा होता. छिन्नी कलली. ती सरळ करायला त्यानं उजवा हात पुढं घातला. त्या क्षणी हातोडी ऐरणीवर वाजायला हवी होती. थांब म्हणायला हवी होती. ती वाजली लोखंडावर. टक!... मार!

आणि घणानं ऐकलं.

ऐरणीवरची ती तीन बोटं, ते रक्त तापल्या लोखंडावर चरचरलं तो वास, आणि पोराच्या त्या आक्रोशात हरवून गेलेलं तिचं स्वतःचं किंचाळणं... देवा! असं एखाद्या आईच्या हातून होऊ नये रे!

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" लोहार भिंतीकडं बघत राहिला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, वर्षभरापासून. त्यानं तो सगळ्यांपासून लपवला होता, कारण आंधळ्या लोहाराला काम कोण देतो! पण तिला कळलं होतं. भाकरीच्या तव्याला तो चुकून हात लावायचा, तेव्हाच कळलं होतं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. ज्याच्या हातोडीवरचा विश्वास गेला, त्याच्यासमोर कुणी उभं राहत नाही, पोटचा पोरगासुद्धा नाही. आणि या पोरानं जायचं तरी कुठं, दोन बोटांचा हात घेऊन?

ती म्हणाली, "माझा हात चुकला."

तेवढंच. तीन शब्द. पुढं लोहाराचे डोळे शस्त्रक्रियेनं बरे झाले, लख्ख दिसू लागलं. जीभ मात्र बरी झाली नाही.

---

पोरगा घरी आला तो दुसराच कुणी होऊन आला. पहिल्याच दिवशी आईनं वाढलेलं ताट त्यानं भिंतीवर फेकून मारलं. घण उचलून मागच्या दारानं परसात भिरकावला, तो पत्र्याचं कुंपण फाडून पलीकडं पडला. आणि बापाला म्हणाला, "तिला सांगा, भट्टीच्या खोलीत पाय टाकायचा नाही. टाकला तर मी या खोलीला आग लावीन!"

तिला सांगा. त्या दिवसापासून ती 'ती' झाली. पुढं त्याचं लग्न झालं, तरी ती समोर उभी असताना तो बायकोकडं बघून म्हणायचा, "तिला सांग, दार लाव." "तिला सांग, खोकायचं असलं तर बाहेर जा." पुढं त्यानं विजेवर चालणारा घण आणला. राक्षसासारखं ते यंत्र दिवसभर धाड धाड करत राहायचं, भिंतीतून, फरशीतून, लोहारिणीच्या छातीतून. पानं गेली. आता नुसत्या पहारी, दगडाच्या खाणीसाठी. राग आला की तो यंत्र बंद करून हातानंच लोखंड बडवायचा, तोडायचा, दारं आपटायचा. सून बिचारी कपबश्या उचलून ठेवायची. "वादळ आलं हो आई," म्हणायची.

कुंपणापलीकडं पडलेला तो घण लोहारिणीनं एके दिवशी उचलला. का उचलला, तिलाही सांगता आलं नसतं. एकच प्रश्न रात्रंदिवस डोकं खात होता. हातोडी चुकली ती चुकली... पण पोराचा हात पुढं येताना तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला होता. अर्ध्या श्वासाएवढा वेळ होता. मग घण का थांबला नाही? कारण ताकद नव्हती. घण वर नेण्याएवढी होती, खाली आणण्याएवढी होती... थांबवण्याएवढी नव्हती!

आणि मग ती सुरू झाली, पोरगा घराबाहेर गेला की, त्याच्या नकळत. पहिलं वर्ष घण थांबायचा नाही, टायरवर आपटून उसळी मारून तिच्याच नडगीवर यायचा. नडगी फुटली. मनगट सुजलं. दुसऱ्या वर्षी टायरला टेकून थांबू लागला. पाचव्या वर्षी एक बोट वर. पन्नाशी गेली, साठी गेली. गल्लीतल्या बायका वाकल्या, काठ्या आल्या, गुडघे बसले. ही मात्र वेताच्या छडीसारखी ताठ. कधी कधी त्या टायरवर तिला नवऱ्याचं ते भिंतीकडं वळलेलं मुकं तोंड दिसायचं, आणि अंगात अशी आग उसळायची, की आजचा घाव थांबवूच नये!... तेव्हाही ती थांबवायची. तेव्हा तर जास्तच.

---

या सगळ्याबद्दल बाहेरून पहिल्यांदा विचारलं ते शेजारच्या मास्तरीणबाईंनी. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झालेल्या, दुधाची पिशवी उचलताना तोल जाणाऱ्या बाई. एका सकाळी कुंपणाच्या फटीतून डोकावून म्हणाल्या, "लोहारीणबाई, आपलं वय एक. तुम्ही घण फिरवता आणि मला झाकण उघडत नाही बरणीचं. हा काय न्याय झाला? शिकवा मला."

"मला शिकवता येत नाही, बाई."

"मला येतं. चाळीस वर्षं तेच केलंय. तुम्ही करून दाखवा, मी बाकीच्यांना समजावते."

बाकीच्या म्हणजे शिंपीण आणि एक निवृत्त नर्स. तिघी दोन किलोच्या हातोड्या घेऊन यायला लागल्या, मुलगा पहारी पोचवायला खाणीवर जातो त्या तासाभरात. तीन महिन्यांत शिंपीण जमिनीवर बसून हात न टेकता उठायला लागली. नर्सबाईंची काठी दाराआड पडून राहिली. सूनही मधूनच पदर खोचून हात मारून घ्यायची. लोहारिणीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी विचारत होतं, आणि तिच्या उत्तराची वाट बघत थांबत होतं...

त्या दिवशी यंत्राचा पट्टा तुटला. पहारी अर्ध्याच राहिल्या, म्हणून मुलगा खाणीवर गेलाच नाही. बाजारातून नवा पट्टा घेऊन तो घरी आला, घामानं निथळत, शिव्या पुटपुटत, आणि परसातून त्याच्या कानावर हसणं आलं.

शिंपीण म्हणत होती, "मी तर बाई टायरला आमच्या ह्यांचं नाव ठेवलंय. काय जोर चढतो म्हणून सांगू!"

"मग थांबवता कशाला?" नर्सबाई.

"अहो, संध्याकाळी जेवायला वाढायचं असतं ना त्यांनाच!"

तिघी खिदळल्या. सूनही हसली. हसली नाही ती एकटी लोहारीण. ती टायरसमोर उभी राहून म्हणत होती, "नीट बघा. हातांनी थांबत नाही तो. पोटानं थांबतो, मांड्यांनी थांबतो. पूर्ण जोरानं आणायचा, जरासुद्धा हात राखायचा नाही... आणि मग..."

तिनं घण उचलला. तो डोक्यावरून सुटला.

मागच्या दाराची कडी खाडकन निघाली. मुलगा बाणासारखा आला. त्याला दिसला तोच घण, ज्यानं त्याची तीन बोटं खाल्ली, त्याचं आयुष्य खाल्लं, आणि तो घण फिरवणारी तीच बाई, आणि तिच्याभोवती हसणाऱ्या बायका! त्याच्या डोक्यात काय झालं ते त्यालाही कळलं नाही. त्यानं टायरपाशी गुडघे आपटले आणि आपला तो खुरटा उजवा हात टायरवर पालथा टाकला.

"मार! घे! उरलेलीही घे दोन!"

घण अर्ध्या वाटेवर होता.

सून किंचाळली. मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. लोहारिणीनं मिटले नाहीत. बावीस वर्षांतले सगळे दिवस, सगळ्या पायऱ्या, सगळ्या बादल्या त्या अर्ध्या श्वासात तिच्या अंगात उतरल्या. तिच्या पाठीतून, पोटातून, टाचांतून एक हुंकार उठला, बाई बाळंत होताना उठतो तसा. आणि उजव्या खांद्यात काहीतरी फाटलं, ओलं जाड कापड टर्रकन फाटावं तसं, सगळ्यांना ऐकू गेलं.

घण थांबला.

मुलाच्या करंगळीला लोखंडाचा गार स्पर्श झाला. तेवढाच.

मग लोहारिणीच्या हातातून दांडा निसटला, घण बाजूला मातीत पडला. तिचा उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. चेहरा पांढराफटक.

मुलगा आपल्या हाताकडं बघत होता. मग त्यानं वर पाहिलं. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा सरळ तिच्या डोळ्यांत बघून तो बोलला.

"थांबतो? तुला थांबवता येतो?"

"आता येतो, बाळा."

"मग तेव्हा?... तेव्हा का नाही थांबवलास?"

"तेव्हा येत नव्हता रे. नंतर शिकले."

"खोटं!" तो ओरडला, इतक्या मोठ्यानं की त्याचा आवाजच फाटला. "सगळं खोटं! हात चुकला म्हणालीस. तुझा हात चुकतो? हा हात? अर्ध्या वाटेत थांबतो, तो हात ऐरणीवर चुकला?" त्यानं घण उचलला आणि सुटला. पहिला घाव टायरवर, दुसरा पाण्याच्या पिंपावर. पिंप फुटलं, पाण्याचा लोंढा बायकांच्या पायांत घुसला. तिसरा दाराच्या चौकटीवर, फळी ढलपून उडाली. "सांग! कसा चुकला? कसा?" नर्सबाई शिंपिणीला ओढत कुंपणाकडं पळाल्या, मागोमाग मास्तरीणबाई. सून त्याच्या कमरेला मिठी मारून लोंबकळत होती, "अहो, नका! अहो, मरेल कुणीतरी!" तो तिला फरफटवत होता. चौथा घाव उचलून तो आईच्या समोर उभा राहिला, छाती भात्यासारखी वरखाली होत असलेला, आणि ती हलली नाही. नुसती बघत राहिली. मारलास तरी चालेल, असं तिचे डोळे म्हणत होते... खरंच चालेल, बाळा.

"तिला नको!"

भट्टीच्या खोलीच्या दारात लोहार उभा होता. पंचाहत्तरीचा, वाकलेला. त्यानं सगळं पाहिलं होतं. आता त्याला लख्ख दिसत होतं ना!

"तिला नको रे. मला मार."

"बाबा, तुम्ही मधे पडू नका!"

"मधे मीच होतो." लोहार दारातून पुढं आला. "हातोडी माझ्या हातात होती. डोळ्यांत मोतीबिंदू होता, मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझा हात पुढं आलेला मला दिसलाच नाही. मी ऐरणीवर वाजवायच्या जागी लोखंडावर वाजवलं. मीच मार म्हणालो... तिनं नुसतं ऐकलं."



घण मुलाच्या हातातून खाली पडला. पण हात रिकामे झाल्यावर ते भयंकर झाले. दोन ढांगांत त्यानं बापाला गाठलं, गळ्याला धरून भिंतीवर आदळलं. भिंतीवरून मातीचे पोपडे पडले. म्हाताऱ्याचे पाय जमिनीवरून सुटले. "बावीस वर्षं!" तो दात ओठ खात होता. "बावीस वर्षं तुमच्या शेजारी उभा राहून काम केलं! तुमच्या ताटात जेवलो! आणि तिला... तिला मी..." म्हाताऱ्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. तो हातपाय झाडत नव्हता. जणू इतकी वर्षं तो याच हातांची वाट बघत होता...

मग त्या दोघांच्या मधे लोहारीण शिरली. डावा हात मुलाच्या छातीवर टेकवून. उजवा लोंबतच होता.

"सोड."

"बाजूला हो!"

"होणार नाही."

"अजूनही? अजूनही त्यालाच वाचवतेस?"

"त्याला नाही रे वेड्या. तुला वाचवतेय." तिचा आवाज हळू होता, पण त्यात लोखंड होतं. "एकदा घाव बसला की परत येत नाही. मला विचार. हात थांबव. पोटानं थांबव, बाळा. थांबतो तो. मी तुझी आई आहे, मला थांबवता येतो, तुलाही येईल."

मुलाची पकड गळ्यावर कितीतरी वेळ तशीच राहिली. आणि मग एकेक बोट सैल झालं. लोहार भिंतीवरून घसरत खाली बसला, खोकत, श्वास ओढत, म्हाताऱ्या जनावरासारखा हंबरत. सून धावली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मास्तरीणबाई कुंपणाआडून परत आल्या होत्या, न बोलता त्यांनी फुटक्या पिंपाच्या तळातलं ओंजळभर पाणी त्याच्या तोंडावर मारलं.

मुलगा चिखलात खाली बसला. हातांत तोंड झाकून नाही, तोंड वर करून, लहान मूल बसतं तसा.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. "मी तुला काय काय बोललो... तू वाढलेलं ताट फेकलं मी... तू एकदा, एकदा तरी म्हणायचं होतंस, की मी नव्हे!"

"तुझा बाप लोहार राहायला हवा होता. तुला कुणाच्या तरी हातोडीवर विश्वास ठेवायला हवा होता. नाहीतर तू ऐरणीपाशी परत उभा राहिला नसतास."

"आणि तू? तुझं काय?"

"माझं काय..." ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडात नेहमीचं होतं. सून खांदा चोळायला आली, की ती म्हणायची, माझं काय. मास्तरीणबाईंनी कधी जास्त विचारलं, की माझं काय. तिथं ते वाक्य संपायचं. आज ते संपेना. फाटल्या खांद्यातून कळ वर आली, गळ्यापर्यंत आली, आणि तिचे ते ताठ, पायऱ्या चढून चढून घट्ट झालेले गुडघे पहिल्यांदा तिला न विचारता वाकले. ती मुलासमोर चिखलात बसली.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "बाप गेला तर दुसरा मिळत नाही, हात गेला तर दुसरा मिळत नाही. आई काय, तिला कितीही टाकली तरी ती आईच. ती कुठं जातेय!... असं वाटलं होतं मला. म्हणून मी माझं आईपण पुढं केलं, की हे घ्या, हे फुटत नाही."

मुलानं तिचा चांगला हात धरला. ती रडत होती की नाही, सांगणं कठीण होतं, तोंड सगळं घामानं आणि पाण्यानं भिजलेलं.

"पण फुटतं रे ते. तू 'तिला सांग' म्हणायचास ना, दर वेळी थोडं फुटायचं. मी कुणाला दाखवलं नाही. ताठ चालले. म्हणे, म्हातारी काय खणखणीत आहे!..." तिनं मुलाची बोटं घट्ट धरली. "मला दुखलं रे, बाळा. रोज दुखलं. फार फार दुखलं मला."